कूलर चालू होता

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१७ मार्च २०२५

चि. शिवराज,

अनेक आशीर्वाद. नको असतील तर पाकिटातच राहू दे, ते नासत नाहीत.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला साडेनऊ महिने झाले. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. बापूंच्या तेराव्याला तू भरल्या ताटावरून उठलास, गाडी काढलीस आणि पुण्याला निघून गेलास. तेव्हापासून तुझा आवाज मला मोनिकाच्या मेसेजमधूनच ऐकू येतो. मोबाइल तिचा, बोटं तिची, पण नणंदेला "सदर बाबतीत" असं लिहिणारी बायको मी तरी अजून पाहिली नाही. ती भाषा तुझ्या कंपनीतली.

परवाचा मेसेज असा : "सदर बाबतीत ह्यांचं म्हणणं आहे की तीस एप्रिलपर्यंत आईंसाठी एसी बसला नाही तर हे स्वतः येऊन आईंना कायमचं पुण्याला घेऊन येतील. मागच्या वर्षीसारखं व्हायला नको." पुढं जोडलेले दोन हात.

"मागच्या वर्षीसारखं." दोन शब्दांत बाप गुंडाळलास. चांगला हात बसलाय तुझा.

तेराव्याला चाळीस पाहुण्यांच्या पंगतीत तू म्हणालास, "एक एसी बसवला असता तर बापू आज असते." मी वरण वाढत होते. मी म्हणाले, "तुझ्या घरात तीन आहेत. त्यातल्या एकाखाली बापूंना जागा नव्हती का?" हे बोलायला नको होतं असं पाहुणे म्हणतात. मला वाटतं बोलणं बरोबर होतं, वरण वाढणं थांबायला हवं होतं.

बापू तुझ्याकडं आठ दिवस राहून आले होते, आठवतं? परत आल्यावर म्हणाले, "पोरी, तिथं खिडकी उघडली की मोनिका अशी धावत येती, जसं काय मी गॅस चालू ठेवलाय."

असो. एक गोष्ट लिहून ठेवते, कारण त्या दिवशी ऐकून घ्यायला तू थांबला नाहीस. बावीस मेच्या दुपारी बापूंच्या खोलीत कूलर चालू होता. बापू गेले तेव्हाही चालू होता. डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि त्यांनीच तो बंद केला. कुणालाही विचार.

राहता राहिला एसी. माझं त्याच्याशी वैर नाही. शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत आहे, तिथं रजेचा अर्ज घेऊन गेलं की जरा वेळ जास्त उभं राहावंसं वाटतं. पण आपलं घर बापूंनी शहाऐंशी साली बांधलेलं, त्याला एसी मानवतो का ते आधी माणूस आणून बघेन. ते घर ठरवील, तू नाहीस.

आणि आईला न्यायचं म्हणशील तर बावीस वर्षांपूर्वी मी सासरहून परत आले तेव्हापासून या घरात तिच्या उशाशी मी आहे. आक्का घराला चिकटली, असं तू म्हणतोस म्हणे. व्हय. चिकटणाऱ्याशिवाय घर उभं राहत नाही.

पत्र टाकायच्या आधी आईला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं.

तुझी,
आक्का


२६ मार्च

चि. शिवराज,

एसीवाला येऊन गेला. गोकुळ नाव, बिडकीनचा, चाळिशीचा माणूस, मिशीला कलप. चप्पल बाहेर काढून आत आला आणि पहिल्यांदा छताकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं बघण्यात वेळ घालवत नाहीत ती माणसं मला आवडतात.

मी म्हटलं, "घराला एसी बसवायचाय. बसेल का ते सांगा."

"ताई, घराला नसतो हो. खोलीला असतो. एक खोली, एक मशीन. हितं गार, उंबऱ्याबाहेर तुमचं तुम्ही बघा."

आई दारात बसली होती, नेहमीसारखी. ती म्हणाली, "मंग बाकीच्या घरानं काय करायचं?"

गोकुळ म्हणाला, "बाकीच्या घरानं त्या खोलीत जाऊन बसायचं, आजी."

मग त्यानं घर तपासलं. डॉक्टर म्हातारा माणूस तपासतो तसं, आशा न ठेवता. बाहेरची खोली बाद. तिला वर जाळ्या आहेत, आणि दार तर दिवसभर उघडं. "दार उघडं ठेवून एसी चालवनं म्हंजे गल्लीला गार करनं," असं म्हणाला. आईनं विचारलं, "दार लावायाच लागंल?" तो म्हणाला, "लागंल." या घराचं दार दिवाबत्तीपर्यंत कधी लागलं नाही, हे तुला ठाऊक आहे. आपल्याकडं बेल नाही ती त्याचमुळं. येणारा बाहेरूनच हाका मारत येतो. तू गेलास तो तेवढा न बोलता गेलास.

स्वयंपाकघर बाद. उरली मागची, बापूंची खोली. दहा बाय अकरा, एक खिडकी, एक दार, दोन्ही घट्ट लागतात. बापूंनीच बसवलेली, फिटरच्या हातची. गोकुळ खूश झाला. भिंत वाजवून म्हणाला, "नऊ इंची वीट हाय, मशीन चांगलं पेलंल." पण वर उघडा स्लॅब, दिवसभर तापणारा, तेव्हा एक टनाचं पुरणार नाही, दीड टनाचं लागेल. वायरिंग जुनं, मीटरपासून वेगळी लाइन ओढावी लागेल. मीटरचा मंजूर भार वाढवायला अर्ज करावा लागेल. दुपारी विजेचा दाब पडतो म्हणून स्टॅबिलायझर. वहीत लिहीत होता आणि मान हलवत होता. त्याच्या वहीत आपलं घर अगदीच आजारी दिसत होतं.

मग आलं बाहेरचं यंत्र. एसीचं निम्मं अंग खोलीत असतं, निम्मं बाहेर. आतलं गार हवा देतं आणि खोलीतली सगळी आग बाहेरच्याच्या तोंडून ओकली जाते. ते ओकणार कुठं, हा प्रश्न. बापूंची खिडकी मागच्या चार फुटी बोळात उघडते. बोळाच्या पलीकडं वहिदाचं स्वयंपाकघर. आणि वहिदाच्या भिंतीवर तिच्या एसीचं बाहेरचं यंत्र, बरोबर बापूंच्या खिडकीसमोर.

ते मागच्या वर्षी फेब्रुवारीत बसलं. त्याची भट्टी सरळ बापूंच्या उशाशी यायची. मी तिला दोनदा तोंडी सांगितलं. ती म्हणाली, "आपा, दुसरी जगाच नहीं ना, मैं क्या करूं?" मी वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज दिला, तीन मुद्द्यांचा, पोच घेऊन. तिथून आमचं बोलणं बंद. तीस वर्षं ईदला तिच्याकडचा शीरखुर्मा आणि दिवाळीला आपल्याकडच्या करंज्या त्या बोळातून इकडंतिकडं जायच्या, त्या थांबल्या. खिडकी आम्ही बंदच ठेवायला लागलो.

जाता जाता गोकुळनं बापूंचा जुना कूलर उघडून बघितला. बापू दर मार्चला त्याचं गवत बदलायचे, टाकीला आतून रंग द्यायचे आणि म्हणायचे, "झालं आपलं गारेगार म्हैसमाळ तयार." गोकुळनं वास घेतला. "पंप जळालाय. पान्याबिगर फिरला की असंच होतं."

मी म्हटलं, चौदा वर्षांचा कूलर आहे, काही ना काही जळणारच.

हे तुला का लिहिलं कुणास ठाऊक.

आईला वाचून दाखवलं. ती बोळाच्या बाजूला तोंड करून ऐकत होती.

आक्का


९ एप्रिल

चि. शिवराज,

मोनिकाचा मेसेज : "पुंडलिक काका म्हणत होते की त्या दिवशी घरात पाणीच नव्हतं. सदर बाबतीत खुलासा करावा."

करते. पुंडलिक काका तेराव्याला बुंदी दोनदा मागून घेत होते, तेव्हा त्यांना हे आठवलं नाही. पण माणूस खोटं बोललेला नाही.

तू अकरा वर्षांपूर्वी इथून गेलास, पुण्यात नळ सोडला की पाणी येतं, तेव्हा समजावून सांगावं लागेल. आपल्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी. सात दिवस ड्रममध्ये साठवलेलं वापरायचं. साठवलं की डास, डास आले की डेंगू. म्हणून आरोग्य खात्याच्या बायका घरोघर सांगून जातात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. सगळी भांडी रिकामी करा, घासा, उन्हात वाळवा. लोक हो म्हणतात आणि एक ड्रम झाकून ठेवतात. गल्लीत हा नियम मनापासून पाळणारं घर एकच, ते मास्तरणीचं. मुलांना पंचवीस वर्षं "स्वच्छतेचे महत्त्व" निबंध लिहायला लावलाय, स्वतः कशी मोडणार?

मी कोरडा दिवस नळाच्या दिवशीच पाळते. सकाळी जुनं ओतायचं, घासायचं, दहाला नळ आला की नवं भरायचं. हिशोबी बाई. बावीस मे नळाचा दिवस होता. सकाळी सहाला मी दोन्ही ड्रम ओतले, हौद घासला आणि कूलरची टाकीही रिकामी करून पुसली. बापू म्हणाले, "एक ड्रम राहू दे ना पोरी. आल्याबिगर आला म्हनू नये." मी म्हटलं, तुम्ही तुमचे पान्हे सांभाळा.

दहा वाजले, अकरा वाजले. मग गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, आज नळ नाही, उद्या. टँकरवाला म्हणाला, संध्याकाळी बघू. बेचाळीसचं ऊन. प्यायला माठभर होतं.

तेव्हा खुलासा असा : कूलर चालू होता. त्यात पाणी नव्हतं. मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलेलं नाही. पाण्याशिवाय कूलर म्हणजे तापलेल्या खोलीतली तापलेली हवा तोंडावर मारणारा पंखा, हे मात्र लिहायचं राहिलं.

पुढं तू विचारशील, शेजारी नव्हते का? शिवा, भर दुपारी कुणाचं दार वाजवायचं? आणि नळ काय एकट्या आपल्यालाच आला नव्हता? सगळ्यांचे ड्रम रिकामेच होते. इतकंच. खुलासा संपला.

आईला वाचून दाखवलं. "सगळ्यांचे?" असं म्हणाली. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "काय नाय. वाच."

आक्का


२४ एप्रिल

चि. शिवराज,

भार वाढून आला. नवी वायर ओढून झाली. मशीन आणून बापूंच्या खाटेवर ठेवलंय, खोक्यासकट. त्या खाटेवर आई बसत नाही, मी बसत नाही, एसीला लगेच जागा मिळाली.

बाहेरचं यंत्र कुठं, यावर गाडी अडली होती. गोकुळनं दोन रस्ते सांगितले. एक गच्चीवर. "पाइप वीसेक फूट जादा जाईल, अन मशीन दिवसभर उन्हात. चालंल, पर धापा टाकत चालंल." दुसरा बोळात, खिडकीच्या बाजूला. "हितं सावली हाय, पाइप हातभर. मशीन धा वर्षं बोलनार नाय. पर समोरच्या भाभीला विचारा. तिच्या चुलीवर हवा जाईल. आधीच तापलेली बाई असंल तर मला भांडनात वढू नका."

मला सांग, मी तिला काय तोंडानं विचारायचं? माझ्याच अर्जातला पहिला मुद्दा असा आहे : "सदर यंत्रातून निघणारी उष्ण हवा शेजारच्या घरात शिरते, ही बाब अमानवी आहे." बघ, सदर मीही लिहिते. आपल्या घराण्यातच आहे ते.

चार दिवस मी गच्चीच्या बाजूनं होते. स्वतःला सांगत होते, धापा टाकत का होईना. मग आईकडं बघितलं. दुपारी ती भिंतीला पाठ लावून बसते आणि ओठ उघडे ठेवून श्वास घेते. बापूही असेच घ्यायचे. ऐंशीला टेकलेल्या बाईसाठी मशीन घ्यायचं आणि माझ्या मानासाठी ते उन्हात बांधायचं, हे मलाही जास्त वाटलं. संध्याकाळी पुढच्या दारानं वहिदाकडं गेले. सव्वा वर्षानं.

ती मेथी निवडत होती. उठली नाही, पण पाट पुढं सरकवला.

मी म्हटलं, "आईसाठी एसी घेतोय. बाहेरचं तुझ्या स्वयंपाकघरासमोर येतंय. नको असेल तर सांग, गच्चीवर बसवू."

ती म्हणाली, "लगा लो आपा. मेरी मशीन की गरमी तुम लोगां खाये, तुम्हारी की अब मैं खाती. हिसाब बराबर." आणि मेथीची काडी मोडली. "अर्जी नक्को डालूंगी मैं. लिखना आता कहां मेरे को."

हे मला लागावं म्हणूनच बोलली, आणि लागलं.

मी उठले तर म्हणाली, "आपा, वो हरा पाइप अब्बी भी वैसाच टंगा है. फेंकने को जी नहीं करा."

कुठला पाइप, ते या पत्रात विचारू नकोस.

अठ्ठावीसला गोकुळ येतोय. तुझ्या तारखेच्या आत. आईला वाचून दाखवलं तर तिनं एकच विचारलं, "वहिदाचं ब्लडप्रेशर कसंय?" मी विचारलं नव्हतं.

आक्का


२ मे

चि. शिवराज,

एसी बसला. मोनिकाला फोटो पाठवलाय, तू पाहिला असशील. तारीख पाळली, अट पाळली. आता पुण्याहून गाडी काढायचं कारण राहिलं नाही.

गोकुळनं भिंतीला भोक पाडलं तेव्हा खोलीभर लाल धूळ उडाली. खिडकीच्या डाव्या अंगाला, वीतभर अंतरावर. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवलं, म्हणजे एसीतून गळणारं पाणी आत न येता बोळात जातं. त्यातून तांब्याचा पाइप बाहेर ढकलला आणि पलीकडून ओढून घेतला. मला ते बघवेना, मी चहाचं निमित्त काढलं. साध्या पाइपात न बघण्यासारखं काय असतं, असं गोकुळला वाटलं असेल.

मशीन सुरेख आहे. आवाज नाही, झोत नाही. पंधरा मिनिटांत खोली अशी होते की माणसाला स्वतःच्या रागाचीसुद्धा थंडी वाजावी. फक्त एकच अडचण. आई त्यात जात नाही.

पहिल्या दिवशी म्हणाली, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणाली, सांधे धरतात. मी सत्तावीसवर लावते म्हटलं. तिसऱ्या दिवशी सरळ बाहेरच्या दारात जाऊन बसली. आत सत्तावीस, बाहेर एकेचाळीस, आणि मध्ये उंबऱ्यावर तुझी आई पदरानं वारा घेते. रिकाम्या खोलीत बापूंची खाट गार पडलीय. गल्लीतले लोक येऊन बघतात. सोमनाथच्या बायकोनं विचारलंसुद्धा, "मास्तरीणबाई, एसी खाटेसाठी घेतला का?"

काल मी चिडले. म्हटलं, "तुझ्यासाठी शिवाची बोलणी खाल्ली, वहिदाच्या दारात गेले, भिंत फोडली. आता तुला काय पाहिजे?"

ती म्हणाली, "चार पत्रं लिवलीस. चारी मी ऐकली. वहिदाचा पाइप कुठंबी आला नाय. आला तर म्हनती, विचारू नको."

मी आत जायला वळले.

"मी त्याच खोलीत हुते गं. तिकडच्या कोपऱ्यात. मीबी गप बसले, तुझ्या तोंडाला भिऊन. माझं मी बघंन देवाजवळ. तू शिवाला लिव. तवर मी त्या खोलीत पाय ठेवनार नाय. अन मेले तर हितं मरंन, उंबऱ्यात."

"तूच सांग की त्याला. रविवारी बोलतेस ना फोनवर?"

"मी कशापायी? पाइप माझ्या हातात नव्हता."

हे पत्र तिला वाचून दाखवलेलं नाही.

आक्का


२२ मे

शिवा,

आज वर्ष झालं. तिथीनं श्राद्ध आधीच झालं, तू आला नाहीस, भटजींनी विचारलं, मी म्हटलं रजा नाही. हे तुझ्यासाठी मी बोललेलं खोटं. आता माझं.

त्या दिवशी दुपारी दोनला वहिदानं बोळातून खिडकीच्या काचेवर टकटक केलं. "आपा, नल नहीं आया ना? हमारे हौद में है. पाइप डालूं क्या?" तिच्याकडं पाणी होतं. ती कोरडा दिवस पाळत नाही. मी काचेआडून तिच्याकडं बघितलं आणि उत्तर दिलं नाही. ती तरीही थांबली होती.

बापू म्हणाले, "घे की. पान्याला कुठं राग असतो?"

तिच्याकडून पाणी घेतलं असतं तर माझा अर्ज खोटा पडला असता. तीन मुद्दे, पोच, सगळंच. मी म्हटलं, "एका दिवसानं कुणी मरत नाही." हेच शब्द. आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पंख्याखाली पडले.

अर्ध्या तासानं खडखड ऐकू आली. आत गेले तर बापूंनी स्वतः उठून खिडकी उघडली होती. एक हात गजाला, एका हातात हिरवा पाइप. तो गजातून आत आला होता आणि बापू तो कूलरच्या टाकीकडं ओढत होते. वहिदा मोटार चालू करायला आत गेली होती. पाणी यायला अजून अर्धं मिनिट असेल. मी तो पाइप बापूंच्या हातातून काढला, गजातून बाहेर ढकलला आणि खिडकीची कडी लावली. बोळात पाणी पडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत होता. तिला वाटलं असेल टाकी भरतेय.

बापूंनी माझ्याकडं बघितलं. ओरडले नाहीत. फिटर माणूस. एखादं मशीन कामातून गेलं हे कळलं की ते त्याच्याशी झटत नसत, हात पुसून बाजूला व्हायचे. तसेच खाटेवर बसले. कूलरनं तोंडावर आग मारत ठेवली. साडेचारला आईनं हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, एक्क्याऐंशी वय, हृदय, कधीही होणारच होतं. असेल. ते वाक्य मी वर्षभर चघळतेय, त्यातून रस येत नाही.

आता तेराव्याचं. तू एसीचं बोललास तेव्हा मी पेटले असं सगळ्यांना वाटलं. खरं तर मला बरं वाटलं होतं. एसी न बसवणं हा माझा गुन्हा नव्हता, शिवा. तू चुकीच्या गुन्ह्यासाठी मला पकडलंस, आणि त्या गुन्ह्यात मी निर्दोष होते, म्हणून एवढ्या जोरात भांडता आलं. तू "पाइप" म्हणाला असतास तर वरणाचं भांडं तिथंच हातातून सुटलं असतं. पाचही पत्रं मी त्या एसीच्या आडोशानं लिहिली.

तुझी अट मी पाळली, तेव्हा आई इथं राहायला हरकत नाही असं मागच्या वेळी लिहिलं. ते मागं घेते. हे वाचून तुला तिला न्यायचं असेल तर ये आणि ने. मी आडवी येणार नाही. तिची चार लुगडी आणि गोळ्यांचा डबा पिशवीत भरून दाराशी ठेवलाय.

यंदा मे महिन्यातच आभाळ भरून येतंय, हवेत ओल आहे. त्यामुळं एसी चांगलाच गळतो. मी तो रोज तासभर तरी चालवते, आई जाईल या आशेनं. त्याचं पाणी बोळात वहिदाच्या पायरीशी पडायचं. तिनं खाली बादली ठेवली. संध्याकाळपर्यंत अर्धीअधिक भरते. मग ती काचेवर टकटक करते आणि बादली खिडकीशी धरते. गजातून बादली येत नाही, म्हणून मला पुढच्या दारानं वळसा घालून बोळात जावं लागतं. जाते. घेते. परवा तिला ब्लडप्रेशरचं विचारलं. म्हणाली, "अब पूछे?" आणि मग सांगितलं.

एवढं लिहून आईला वाचून दाखवलं. तिनं मध्ये कुठं थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "व्हय. असंच झालं." मग गुडघ्यावर हात देऊन उठली, दाराशी ठेवलेल्या पिशवीकडं बघितलं, ती तिथंच राहू दिली, आणि बापूंच्या खोलीत गेली. खाटेवर आडवी झाली, भिंतीकडं तोंड करून. मी दारात उभी होते. मला वाटलं, आत बोलावील.

ती म्हणाली, "दार वढून घे. गारवा बाहेर जातोय."

मी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत बसून पाकिटावर तुझा पत्ता लिहिला. इथं जाम उकडतंय. पुढचं दारही आता लावून घेणार आहे. तू आलास तर हाक मारून आत ऐकू येणार नाही, कडी जोरात वाजव.

आक्का